मधुचंद्राची जलयात्रा : युरोपांतील कोणता मार्ग निवडावा?

छत्रपती संभाजीनगरहून सिल्लोडमार्गें अजिंठ्याकडे जाणारा रस्ता फुलंब्रीवरून जातो. या तालुक्याच्या गांवीं नवीन लग्न झालेल्या जोडप्यानें पहिला प्रवास कोठें करावा, याविषयीं कधीं वाद होत नाहीं. ज्याचें जें कुलदैवत असेल, मग तें तुळजापूरचें असो कीं जेजुरीचें, त्याच्या दर्शनास जावयाचें, ओटी भरावयाची अथवा तळी उचलावयाची, आणि घरीं परतल्यावर गोंधळ व सत्यनारायण करावयाचा. मार्ग ठरलेला, विधि ठरलेला आणि सोबतचीं माणसेंही ठरलेलीं. निवड करण्याचा प्रश्न उद्भवतो तो दुसऱ्या प्रवासाच्या वेळीं, म्हणजे मधुचंद्राच्या वेळीं. त्या प्रवासाला परंपरेचा आधार नाहीं. दोघांनींच बसून तो ठरवावयाचा असतो, आणि बहुधा दोघांनीं मिळून घेतलेला तो पहिलाच मोठा निर्णय असतो.

महाबळेश्वर, काश्मीर किंवा केरळ येथवर पोंचणारी ही हौस आतां युरोपच्या समुद्रापर्यंत जाऊं लागली आहे. मुलगा वा मुलगी शहरांत नोकरीस असते. घरीं कपाशीचे, मक्याचे अथवा आल्याचे चार पैसे शिल्लक पडलेले असतात. आणि सात रात्रींत चार देशांचें दर्शन घडविणाऱ्या जहाजाची जाहिरात दोघांच्या पाहण्यांत येते. परंतु ती एकच जाहिरात नसते. एक जहाज बार्सेलोनाहून सुटतें, दुसरें अथेन्सच्या बंदरांतून, तिसरें नॉर्वेच्या खाड्यांत शिरतें, तर चौथें समुद्र सोडून डॅन्यूब नदीनें चालतें. साठविलेला पैसा एकदांच खर्च व्हावयाचा असतो. म्हणून या चोहोंत खरा फरक कोणता, हें आधीं समजून घेणें अगत्याचें आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानांत घ्यावयास हवी. सुवेझचा कालवा १८६९ सालीं खुला झाल्यावर युरोपास जाणारा मराठी प्रवासी मुंबईस आगबोटींत बसे आणि एडन, सुवेझ, पोर्ट सैद अशीं बंदरें घेत पुढें जाई. मार्गाची निवड त्याच्या हातीं नसे. जहाज हें इष्ट स्थळीं पोंचण्याचें केवळ साधन होतें. आजच्या पर्यटन-जहाजाची गोष्ट निराळी आहे. युरोपांतील जलयात्रेचा प्रारंभ युरोपांतच होतो; मुंबईहून विमानानें तेथील बंदरापर्यंत जावें लागतें. जहाज हेंच मुक्कामाचें घर होतें. तें बहुधा रात्रीं चालतें, सकाळीं नव्या बंदरीं लागतें आणि सायंकाळीं पुन्हां निघतें. सामान एकदां खोलींत लावलें कीं आठवडाभर बांधाबांध नाहीं, हा त्याचा मोठा लाभ; आणि प्रत्येक गांवीं जेमतेम आठ-दहा तासच मिळतात, हा त्याचा मोठा तोटा.

हा तोटा फुलंब्रीकरांस कोणी निराळा समजावून सांगावयास नको. परदेशांतील कित्येक प्रवासी एका दिवसांत वेरूळ आणि अजिंठा हीं दोन्हीं ठिकाणें पाहूं म्हणतात. वेरूळ शहरापासून सुमारें तीस किलोमीटर वायव्येस आणि अजिंठा सुमारें शंभर किलोमीटर ईशान्येस. त्यांची मोटार फुलंब्रीवरून भरधाव निघून जाते, आणि संध्याकाळीं त्यांच्या स्मरणांत लेण्यांपेक्षां रस्ताच अधिक उरतो. जलयात्रेचे मार्ग तपासतांना हाच दाखला समोर ठेवावा. जाहिरातींत छापलेलें शहराचें नांव पाहून भागत नाहीं. बंदरापासून तें शहर किती दूर आहे, हें पाहावें लागतें.

आतां एकेका मार्गाचा विचार करूं जातां, पहिला मार्ग पश्चिम भूमध्य समुद्राचा. बार्सेलोना, मार्सेय, जिनोआ, चिवितावेक्किया, नेपल्स अथवा पालेर्मो अशीं बंदरें घेत जहाज सात रात्रींत फेरा पुरा करतें. फेरा वर्तुळाकार असल्यामुळें त्यांतील एकाहून अधिक बंदरांत चढण्याची सोय पुष्कळदां असते. ज्यांनीं युरोप कधींच पाहिला नाहीं आणि ज्यांस शाळेच्या पुस्तकांत वाचलेलीं स्थळें डोळ्यांनीं पाहण्याची इच्छा आहे, त्यांस हा मार्ग मानवतो. नेपल्सहून पाँपेई हें शहर जवळ आहे, इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियसच्या राखेखालीं गाडलें गेलेलें तें नगर आज रस्त्यांसह उघडें आहे. मार्सेय बंदराचें नांव तर मराठी घरांत मुलांनाही ठाऊक असतें. ८ जुलै १९१० रोजीं सावरकरांनीं मोरिया बोटींतून समुद्रांत उडी घेतली ती याच बंदरांत.

परंतु या मार्गावर अंतरांचा हिशोब कठीण आहे. जाहिरातींत ‘रोम’ असें छापलेलें असलें तरी जहाज लागतें चिवितावेक्किया येथें, आणि तेथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर दूर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणून जें सांगितलें जातें तें बहुधा लिव्होर्नो किंवा ला स्पेझिया हें बंदर असतें. लिव्होर्नोहून फ्लॉरेन्स सुमारें नव्वद किलोमीटर आहे. म्हणजे रोजच सकाळीं घाई, दुपारीं घाई आणि सायंकाळीं जहाज चुकण्याची धास्ती. मधुचंद्राचा हेतु विसांवा हा असेल, तर या मार्गावर एक-दोन बंदरीं दूरच्या शहराचा मोह टाळून बंदराच्या गांवांतच सावकाश फिरणें शहाणपणाचें ठरतें.

दुसरा मार्ग ग्रीसच्या बेटांचा. पिरेयस हें अथेन्सचें बंदर शहरापासून अवघें दहाएक किलोमीटर आहे. तेथून मिकोनोस, सँतोरिनी, ऱ्होड्स, क्रीट अशीं बेटें आणि कित्येकदां तुर्कस्तानचें कुशादासी बंदर या मार्गावर येतें. कुशादासीजवळ एफेसस या प्राचीन नगराचे अवशेष आहेत. नवदंपतीच्या चित्रांत निळ्या समुद्रावर जीं पांढरीं घरें दिसतात, तीं सँतोरिनीचीं. सुमारें ३६०० वर्षांपूर्वीं झालेल्या ज्वालामुखीच्या प्रचंड स्फोटानें बेटाचा मधला भाग खचला आणि तेथें समुद्र शिरला. त्या विवराच्या उभ्या कड्यावर हीं गांवें वसलीं आहेत. मोठें जहाज तेथें धक्क्याला लागत नाहीं. तें पाण्यांत उभें राहतें, प्रवासी लहान होड्यांतून कड्याच्या पायथ्याशीं उतरतात, आणि वर जाण्यास दोरमार्गाचा पाळणा, खेंचर किंवा शेंकडों पायऱ्या हे तीनच उपाय असतात. एकाच दिवशीं अनेक जहाजें आलीं तर पाळण्यासाठीं फार वेळ रांगेंत उभें राहावें लागतें. म्हणून त्या दिवशीं तेथें किती जहाजें येणार आहेत, हें आगाऊ पाहून तारीख ठरविणें इष्ट. गर्दी आवरण्यासाठीं ग्रीसनें जुलै १९२५ नव्हे, तर अगदीं अलीकडे, जुलै २०२५ पासून जहाजानें येणाऱ्यांवर कर बसविला असून सँतोरिनी व मिकोनोस येथें ऐन हंगामांत तो दरडोई २० युरो आहे. जुलै-ऑगस्टांत या समुद्रावर उत्तरेचा मेल्तेमी वारा जोरानें वाहतो. तेव्हां होड्या चालविणें अवघड होऊन सँतोरिनीचा थांबाच रद्द होण्याचा संभव असतो.

तिसरा मार्ग एड्रियाटिक समुद्राचा. स्प्लिट, डुब्रोव्हनिक, कोटोर, कॉर्फू अशीं याचीं बंदरें. पूर्वीं या मार्गाचें मुख्य आकर्षण म्हणजे व्हेनिस शहराच्या मधोमध जाणारें जहाज. तें दृश्य आतां दिसत नाहीं. २५,००० टनांहून मोठ्या जहाजांस तेथील मुख्य कालव्यांत १ ऑगस्ट २०२१ पासून बंदी आहे. तीं मार्घेरा, ट्रिएस्ट किंवा राव्हेना अशा ठिकाणीं लागतात. तेव्हां ‘व्हेनिस’ या नांवाखालीं कोणतें बंदर अभिप्रेत आहे, हें विचारून घ्यावें. राव्हेनाविषयीं एक गोष्ट महाराष्ट्रास विशेष आपुलकीची आहे. त्याच प्रांतांतून वाहणाऱ्या सेनियो नदीवर ९ एप्रिल १९४५ रोजीं मराठा पलटणीचे नामदेव जाधव यांनीं व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. डुब्रोव्हनिकच्या जुन्या तटबंदीच्या नगरांत गर्दी फार होऊं लागल्यानें २०१९ पासून एका वेळीं दोनच जहाजांची मर्यादा पाळण्याचें तेथें ठरलें. कोटोरचा उपसागर डोंगरांच्या कुशींत खोल शिरलेला आहे. सकाळीं जहाज आंत जात असतां ज्यांनीं लवकर उठण्याचे कष्ट घेतले, त्यांना या मार्गावरील सर्वांत रम्य देखावा पाहावयास मिळतो.

चौथा मार्ग नॉर्वेच्या खाड्यांचा. हिमयुगांतील बर्फाच्या नद्यांनीं खडक कोरून काढले, बर्फ ओसरल्यावर त्या दऱ्यांत समुद्र शिरला, आणि या खाड्या निर्माण झाल्या. गायरांगर ही खाडी २००५ सालीं जागतिक वारशाच्या यादींत समाविष्ट झाली. येथें पाहावयाचें तें शहर नव्हे, तर निसर्ग. आणि तो जहाजावर बसूनच दिसतो. मे-जूनमध्यें डोंगरावरील बर्फ वितळूं लागतें व धबधबे भरून वाहतात. फ्लोम गांवाहून निघणारी आगगाडी सुमारें वीस किलोमीटरांत आठशें साठ मीटरांहून अधिक चढते. ज्या मराठवाड्यांत विहिरीच्या पाण्याची पातळी हा उन्हाळ्यांतील रोजचा चिंतेचा विषय असतो, तेथील माणसास कड्याकड्यांवरून अहोरात्र कोसळणारें तें पाणी पाहून काय वाटेल, हें निराळें सांगावयास नको. मात्र बर्गन शहर पावसासाठीं प्रसिद्ध आहे. ऐन उन्हाळ्यांतही उबदार कपडे आणि पावसाळी कोट लागतोच. आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. मध्यरात्रीचा सूर्य पाहावयाचा असेल तर उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे जावें लागतें. बर्गन व गायरांगर हीं त्या वृत्ताच्या बरींच दक्षिणेस आहेत. तेथें जूनमध्यें रात्र फार लहान असते एवढेंच. शिवाय नॉर्वेत खाण्यापिण्याची महागाई मोठी आहे. म्हणून जेवण जहाजावरच करून उतरणें फायद्याचें.

याच दिशेचा बाल्टिक समुद्राचा मार्ग कोपनहेगन, स्टॉकहोम, हेलसिंकी व टालिन या शहरांचा. त्याचें प्रमुख आकर्षण असलेलें रशियाचें सेंट पीटर्सबर्ग २०२२ पासून जहाजांच्या मार्गांतून वगळलें गेलें आहे. तथापि उरलेलीं शहरें बंदराला लागूनच असल्यामुळें पायीं फिरण्याची आवड असणाऱ्यांस हा मार्ग सुखाचा होतो.

पांचवा मार्ग समुद्राचा नसून नदीचा आहे. जर्मनींतील पासाऊ येथून डॅन्यूब नदीनें लिंझ, मेल्क, व्हिएन्ना, ब्राटिस्लाव्हा आणि बुडापेस्ट असा प्रवास साधारण आठवड्याचा होतो. समुद्रावरील जहाजांत कित्येक हजार प्रवासी असतात. नदीच्या जहाजांत ते बहुधा दोनशेंहून कमी. जहाज गांवाच्या मध्याजवळ लागतें, म्हणून मोटारीचा लांब प्रवास नाहीं. दोन्हीं तीर सदैव दृष्टीस पडतात. आणि लाटा नसल्यानें पोटांत ढवळण्याची भीति नाहीं. मेल्कच्या पुढील वाखाउचें द्राक्षमळ्यांचें खोरें व रात्रीं दिव्यांनीं उजळलेलें बुडापेस्टचें संसदभवन हीं या मार्गाचीं भूषणें होत. याचे दोषही सांगितले पाहिजेत. या जहाजांवर वयस्कर प्रवासी अधिक असतात, करमणुकीचे प्रकार थोडे असतात, व भाडें समुद्रावरील जहाजापेक्षां सामान्यतः जास्त पडतें. नदीचें पाणी उन्हाळ्याच्या शेवटीं फार उतरलें किंवा पूर आला, तर कांहीं टप्पे मोटारनें करावे लागतात. सप्टेंबर २०२४ च्या महापुरांत या नदीवरील वाहतूक थांबली होती.

मार्गांचीं रूपें अशीं ध्यानांत आल्यावर निवडीची पहिली कसोटी लागते ती महिन्याची. मराठी घरांत लग्नाची तिथि पंचांग पाहून ठरते. तुळशीच्या लग्नापासून मुहूर्त सुरू होतात आणि आषाढी एकादशीला चातुर्मास लागला कीं थांबतात. युरोपांतील जलपर्यटनाचा मुख्य हंगाम मात्र एप्रिल ते ऑक्टोबर असा आहे. दोहोंचा मेळ एप्रिल, मे आणि जून या तीन महिन्यांतच चांगला बसतो. वैशाखांत लग्न झालेल्या जोडप्यास मे महिन्यांत ग्रीस किंवा एड्रियाटिक, आणि मेच्या अखेरीस नॉर्वे, हे मार्ग उत्तम. त्या वेळीं ऊन सौम्य असतें, गर्दी पुरती वाढलेली नसते, आणि शेतकरी घरांतील मुलगा मृगाच्या पेरणीपर्यंत परत येऊं शकतो. मार्गशीर्षांत लग्न झालें असेल, तर भूमध्य समुद्राचा बहुतेक हंगाम संपलेला असतो. अशा वेळीं डिसेंबरांत नाताळच्या बाजारांसाठीं डॅन्यूबवर जावें, अथवा चार महिने थांबून एप्रिलमध्यें निघावें. उशीर झाल्यानें मधुचंद्राचें माधुर्य उणें होत नाहीं. उलट दोघांची ओळख वाढलेली असल्यानें निवड अधिक जाणतेपणानें होते. जुलै-ऑगस्टांत दक्षिण युरोपांत उष्मा आणि गर्दी दोन्हीं असह्य होतात. मराठवाड्याचा उन्हाळा सोसून आलेल्यांनीं पुन्हां तोच कां विकत घ्यावा?

दुसरी कसोटी परवान्याची. इटली, फ्रान्स, स्पेन, ग्रीस, नॉर्वे, ऑस्ट्रिया, हंगेरी आणि १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशिया, या सर्वांस शेंगेन व्हिसा एकच चालतो. तुर्कस्तान व कोटोर ज्या देशांत आहे तो माँटेनेग्रो हे त्या मंडळाबाहेरचे. जहाज तेथें जाऊन परत शेंगेन देशांत आलें, तर तो दुसरा प्रवेश ठरतो. म्हणून अशा मार्गासाठीं एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा मागावा आणि बाहेरच्या देशाचे नियमही पाहावेत. साऊदॅम्प्टनहून सुटणाऱ्या जहाजासाठीं ब्रिटनचा व्हिसा निराळाच घ्यावा लागतो. अर्ज ज्या देशांत सर्वांत अधिक मुक्काम असेल त्याच्याकडे करावयाचा. मुक्काम सारखे असतील तर ज्या देशांत प्रथम प्रवेश होईल त्याच्याकडे. प्रवासाच्या सहा महिने आधींपासून अर्ज करतां येतो. निदान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. आणि प्रौढांसाठीं शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे. शेतीचें उत्पन्न असणाऱ्या घरानें बँकेचें खातेंपुस्तक व सातबाराचे उतारे आधींच नीट लावून ठेवावेत.

येथेंच नववधूच्या नांवाचा प्रश्न येतो. पासपोर्ट माहेरच्या नांवाचा, आणि लग्नानंतर उत्साहानें काढलेलें तिकीट सासरच्या नांवाचें, असें झालें तर विमानतळावरच अडचण उभी राहते. विवाहामुळें पासपोर्टावरील नांव बदललेंच पाहिजे असा नियम नाहीं. वेळ थोडा असेल तर जुनेंच नांव ठेवून तिकीट, व्हिसा व विमा हीं सर्व त्याच नांवानें काढावींत, आणि विवाहनोंदणीचा दाखला बरोबर असूं द्यावा.

तिसरी कसोटी पैशाची. जाहिरातींतील भाडें हा खर्चाचा एक भाग होय. त्यांत विमानाचें तिकीट, व्हिसा, विमा, जहाजावरील सेवकांचें बक्षीस, बंदरांवरील सहली आणि जहाज सुटण्याच्या आदल्या रात्रीचा मुक्काम यांची भर घालूनच दोन मार्गांची तुलना करावी. आदल्या रात्रीचा मुक्काम वाचवूं नये. संभाजीनगर, मुंबई व पुढें परदेशांतील विमानतळ अशा प्रवासांत एक विमान चुकलें तरी जहाज थांबत नाहीं. खोलीच्या बाबतींतही विचार हवा. नॉर्वेंत देखावा दिवसभर दोन्हीं बाजूंस असतो, म्हणून सज्जाच्या खोलीचे जादा पैसे सार्थकीं लागतात. पश्चिम भूमध्य समुद्रांत प्रवासी दिवसा गांवांत आणि जहाज रात्रीं अंधारांत. तेथें साधी खिडकीची खोली घेऊन वांचलेले पैसे सहलीवर खर्चिणें बरें. ज्यास गाडी लागते त्यानें जहाजाच्या मध्यभागची व खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी. तेथें हेलकावे कमी जाणवतात. शाकाहारी जेवण हवें असल्यास तें तिकीट काढतांनाच कळवावें.

सर्व विचार करतां निष्कर्ष थोडक्यांत असा निघतो. पहिल्यानेंच युरोप पाहणाऱ्या, पायांत जोर असणाऱ्या जोडप्यानें पश्चिम भूमध्य समुद्र घ्यावा. समुद्र, ऊन आणि सायंकाळ यांचीच ओढ असेल तर मे महिन्यांतील ग्रीस अथवा एड्रियाटिक. गर्दीपेक्षां डोंगर व पाणी प्रिय असेल आणि खर्चाची तयारी असेल तर नॉर्वे. लाटांची भीति आणि निवांतपणाची आवड असेल तर डॅन्यूब. दोघांच्या आवडी भिन्न असतील, तर एकानें नमतें घेण्यापेक्षां दोघांनीं प्रत्येक मार्गावरील आपापलीं दोन स्थळें कागदावर लिहून काढावीं, आणि ज्या मार्गावर दोघांचीही निदान एक इच्छा पुरी होते तो पत्करावा.

इतकेंही करून कोठें पाऊस लागेल, कोठें एखादें बंदर वगळलें जाईल. तुळजापूरच्या रांगेंतही कधीं चार तास उभें राहावें लागतें. पण परत आल्यावर घरीं सांगितला जातो तो दर्शनाचा आनंद. फुलंब्रीस परतलेलें जोडपें ओसरीवर बसून वडीलधाऱ्यांस जें सांगेल, तें किती बंदरें झालीं याचें गणित नसावें. एखाद्या सायंकाळीं दोघांनीं कठड्याशीं उभें राहून काय पाहिलें, हें असावें. ज्या मार्गावर तशी सायंकाळ मिळण्याइतकी सवड आहे, तो मार्ग त्यांच्यासाठीं योग्य होय.